गढीचा थोरला दरवाजा

शिवलिंगप्पांनी लेकीच्या, हेमावतीच्या लग्नाला वळसंगजवळची इनामदारांची गढी ठरवली, तेव्हा शुक्रवार पेठेनं तोंडात बोटं घातली. नवी पेठेत चालतं कापडाचं दुकान, घरापुढं मांडव घालण्याइतकी रुंद गल्ली, आणि हा गृहस्थ वऱ्हाड घेऊन दगडधोंड्यांत निघालाय! पण शिवलिंगप्पांनी एकदा गज हातात घेतला की मोजून झाल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. तीन खेपा मारून पंगती कुठं बसतील, विहिरीला पाणी किती, दुपारी सावली कुठवर, सगळं त्यांनी पाहून ठेवलं.

खरं कारण त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील सिद्धाराम याच गढीत चाळीस वर्षं सालगडी होते आणि सगळी वर्षं मागल्या दारानंच आत गेले होते. बापाला एकदा थोरल्या दरवाजातून वाजतगाजत न्यायचं, एवढाच शिवलिंगप्पांचा हट्ट.

म्हातारा त्यांच्याहून हट्टी निघाला. "तितं लगीन कर की, मी न्हाय कुटं म्हंतोय? पर मी भाईर लिंबाखाली बसनार. त्या दारानं कदी गेलो न्हाय, आता कशाला?"

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड गढीपुढं आलं, बँड वाजू लागला, आणि शिवलिंगप्पा फेटा सावरत पुढं धावले. थोरला दरवाजा बंदच होता.

"मालक पुन्याला गेल्यापासनं अडसर आडकलाय," राखणदार भिमा म्हणाला. "ह्या दिंडीतनं या की समदी."

दरवाजातल्या त्या लहानशा दिंडीतून शिवलिंगप्पा तिन्ही खेपांना वाकून गेले होते, पण थोरला दरवाजा उघडतो का, हे बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्यात वऱ्हाडाच्या पुढं त्यांच्या घराण्याचे जंगम गुरू होते. सगळे त्यांना अय्या म्हणत.

"इनामदाराच्या उंबऱ्यापुढं मी मान लववू?" अय्या कडाडले. "बग्गल्ला!"

वाकणार नाही, हे अय्यांनी कन्नडात सांगितलं म्हणजे विषय संपला.

आठ तरण्या पोरांनी खांदे लावले. दरवाजा हूं की चूं करेना. नवरदेव घोड्यावर घामाघूम, मुहूर्त डोक्यावर. शिवलिंगप्पांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

तेवढ्यात लिंबाखालून सिद्धाराम उठले. "सरा रं! बैलावानी ढकलून काय हुतंय? ह्या अडसराला चाळीस वर्सं तेल मी घातलंय."

आणि सवयीनं ते मागल्या दाराकडं गेले. थोड्या वेळानं आतून लाकूड खडखडलं, दोन्ही फळ्या करकरत उघडल्या, आणि मधोमध म्हातारा उभा. हात गंजानं लाल, तोंडभर हसू. बँडवाल्यांना चेव चढला. वऱ्हाड आत घुसणार, इतक्यात नवरी गाडीतून उतरली.

"अज्जा, आदी भाईर या."

"का गं?"

"या म्हंते की!"

ते बाहेर आले. नातीनं त्यांचा गंजका हात शालूची पर्वा न करता घट्ट धरला. अय्या दोन पावलं बाजूला झाले. "सिद्धाराम, आज तुम्ही पुढं."

शिवलिंगप्पांनी हे सगळं स्वतः करायचं योजलं होतं. आता ते फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत मागं उभे होते. म्हातारा उंबऱ्यावर थांबला. चौक, ओसरी, मागचं ते बारकं दार, सगळं त्यानं निवांत पाहून घेतलं. मग लेकाकडं वळला.

"शिवल्या, हितनं बगितलं तर गढी लई ल्हान दिसती की रं!"