पंधरावा विद्यार्थी

वर्ना स्टकी आमच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं सुतारकाम शिकवत होती. एवढ्या काळात शाळेबाहेरच्या पाटीवर तिच्या वर्गाचा उल्लेख एकदाही आला नाही. पाटीवर दरवर्षी एकच मजकूर असतो: यंदा आमच्या मुलांनी एपीच्या किती परीक्षा दिल्या. एपी म्हणजे कॉलेजातले विषय शाळेतच उरकून टाकायचे. गेल्या वर्षी आकडा होता नऊशे बारा. त्यांतले पास किती, ते लिहीत नाहीत. पाटी लहान आहे.

मी इथली समुपदेशक, म्हणजे मुलांची वेळापत्रकं लावणारी बाई. ओहायोतल्या या गावात एकोणीस वर्षं हेच करते आहे. सोळा वर्षांची पोरं समोर बसून मला सांगतात: कॅल्क्युलस, रसायनशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, लॅटिन, आणि सहावं 'जे बसेल ते'. एवढं दिवसात मावत नाही, म्हणून जेवणाची सुट्टी सोडून द्यायचाही आमच्याकडे एक फॉर्म आहे. त्यावर आईबापांची सही लागते. कुणाची सही आली नाही, असं मला आठवत नाही.

वर्ना उंचीने बेताची आणि आवाजाने दांडगी. डाव्या करंगळीचं एक पेर करवतीने केव्हाच नेलं होतं. पहिल्या दिवशी ती मुलांपुढे तो हात धरायची. "हे बघा. त्या दिवशी मशीनपाशी मी गप्पा मारत होते. कुणाला मारायच्यात गप्पा?" कुणालाच नसायच्या. तिच्याकडे गृहपाठ नव्हता, पेपर नव्हता. मुलाने केलेल्या खुर्चीवर ती स्वतः बसायची. खुर्ची डुगडुगली की म्हणायची, "मोड ही, पुन्हा कर." वर्गाबाहेर पडली की बाईच्या अंगाला भुशाचा वास यायचा, आणि शिक्षकांच्या खोलीत लोक जरा सरकून बसायचे.

मार्चमध्ये मुख्याध्यापक कॅलोवे यांची चिठ्ठी आली. पुढल्या वर्षी सुतारकामाला पंधरा नावं आली नाहीत तर वर्ग बंद, आणि त्या खोलीत एपी संख्याशास्त्र. नावं आली चौदा.

त्या चौदांत डस्टिन क्रेब्स होता. हा पोरगा शाळेत यायचा तो तिसऱ्या तासाला, सुतारकामासाठी. बाकीचे तास त्याच्या आगेमागे होते म्हणून बसायचा. गावातल्या सुतारांच्या युनियनने त्याला उमेदवारीवर घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच: सुतारकामाची दोन वर्षं पुरी झाल्याचा शाळेचा दाखला. एक वर्ष झालं होतं. दुसरं त्या पंधराव्या नावाशी अडलं होतं.

पंधरावा जवळजवळ मिळालाच होता. प्रेस्टन हॅलनबेक, वर्गात पहिला, सहा एपी, जेवण नाही. त्याला लाकडाचं खरंच वेड होतं. वर्नाकडे येऊन रंधा हातात घेऊन उभा राहायचा. फॉर्मवर त्याने नाव लिहिलं, आणि मग कॅल्क्युलेटर काढला.

"मॅम, मला तुमच्याकडे ए मिळाला तर?"

"तर मिळाला. आनंद कर."

"पण साध्या वर्गातला ए म्हणजे चार. एपीतला पाच. माझी सरासरी आत्ता चार पूर्णांक आठ आहे. म्हणजे मी उत्तम काम केलं तरी खाली येणार."

"आणि भिकार केलंस तर?"

"अजून खाली."

"म्हणजे माझ्या वर्गात न येणं हेच तुझं सगळ्यांत उत्तम काम!"

"हो, मॅम," पोरगा म्हणाला. अगदी खऱ्या दुःखाने म्हणाला, आणि नाव खोडलं. तरीही त्याच्या आईचा मला फोन आलाच. "दुसऱ्या नंबरची मुलगी सुतारकाम घेते आहे का? नाही ना? मग माझ्याच मुलावर ही वेळ का?"

वर्ना माझ्या खोलीत येऊन धपकन बसली. "डोना, तू ह्या लोकांना ओळखतेस. ह्यांना काय घातलं की येतात गं ही?"

आणि मी, उंटावरची शहाणी, तिला उपाय सांगितला. एपीच्या यादीत 'त्रिमितीय कला' नावाचा विषय आहे. हातोडी तीच, लाकूड तेच, नाव बदलायचं. ए मिळाला की पाच.

"खोटं नाही ना त्यात काही?"

"खोटं काय? खुर्ची त्रिमितीयच असते."

तिने पूर्ण एप्रिल अभ्यासक्रम लिहिण्यात घालवला. जिने आयुष्यात पाटाच्या मापांपलीकडे काही लिहिलं नव्हतं, तिच्याकडून मी चाळीस पानं लिहवून घेतली. पॉलिश पेपर घासणं म्हणजे 'पृष्ठभागाचा शोध'. खुर्ची डुगडुगणं म्हणजे 'समतोलाविषयीची पृच्छा'. वर्ना प्रत्येक पानाला शिव्या हासडायची आणि पुढचं पान घ्यायची. दाखल्यावर हे वर्ष सुतारकामाचंच धरलं जाईल, असा डस्टिनला तिने शब्द दिला होता.

मंजुरी आली. दोन दिवसांत जुने चौदा धरून एकतीस नावं, म्हणजे वर्ग भरला, वर पंचवीस जण प्रतीक्षायादीत. हॅलनबेकबाईंनी मला फुलं पाठवली. कॅलोवेसाहेब स्वतः वर्नाच्या खोलीत गेले, बहुधा पहिल्यांदाच, आणि कोटावर भुसा घेऊन परत आले. आम्ही दोघींनी डोनट आणून खाल्ले. मी त्या दिवशी स्वतःवर फार खूश होते.

ऑगस्टमध्ये वेळापत्रकं लावायला बसले तेव्हा संगणकाने एकेक करून चौदाही नावं परत फेकली. एपी कलेला आधी 'चित्रकला एक' झालेली लागते, तीही किमान बी मिळवून. बाकीच्यांनी ती नववीतच उरकली होती; आमच्या चौदांपैकी एकानेही चित्रकला घेतली नव्हती. त्यांच्या जागा प्रतीक्षायादीतल्यांनी लगेच भरल्या, तरी यादीत अकरा उरलेच. हा नियम मला पाठ होता. एकोणीस वर्षं मीच तो लोकांना ऐकवत आले आहे. उपाय सुचवताना मात्र तो माझ्या डोक्यात आला नाही, कारण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पंधरा हा आकडा होता.

वर्ना धावत आली. "तेरा जणांचं नंतर बघू. ह्या एकाला, डस्टिनला घे. अपवादाचा फॉर्म असतो ना?"

फॉर्म असतो. त्यावर समुपदेशकाची शिफारस लागते. मी कॅलोवेसाहेबांना विचारायला गेले. ते म्हणाले, "तो एपीच्या परीक्षेत पाचांपैकी एक गुण आणेल, शाळेची सरासरी जाईल. पण निर्णय तुमचा, डोना. मी आड येणार नाही."

ते आड येणार नव्हते, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. मी 'शिफारस नाही' यावर खूण केली. का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एकाला घेतलं तर यादीतल्या अकरा जणांचे आईबाप फोन करतील, याची मला भीती वाटली. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं.

डस्टिनच्या तिसऱ्या तासाला मी स्वाध्याय लावला. म्हणजे भिंतीकडे बघत बसायचं. तिकडे एकतीस हुशार मुलं वर्नाच्या खोलीत, एपीच्या परीक्षेला पाठवायचे म्हणून, लाकडाचे पंधरा-पंधरा फोटो काढत होती आणि आपण कसला शोध घेतला यावर निबंध लिहीत होती. करवतीला हात लावायला वेळ कुणालाच नव्हता. प्रेस्टनने विचारलं, "मॅम, खुर्ची पुरी करावीच लागते का? फोटोत पाय दिसत नाहीत." वर्नाने मला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. त्यानंतर ती माझ्या खोलीत आलेली नाही.

तिसऱ्या आठवड्यात डस्टिन माझ्या टेबलाशी उभा राहिला. त्याला अठरा पूर्ण झाली होती. शाळा सोडायच्या फॉर्मवर आता कुणाच्या सहीची गरज नव्हती. नाव, पत्ता, तारीख त्याने सावकाश, एका ओळीत, जराही वाकडं न जाऊ देता लिहिलं. मग पेन थांबवलं.

"मॅम, इथे कारण विचारलंय. काय लिहू?"

एकतीस मुलं बसली असताना वर्गात एक बाक जास्त मावलं असतं, हे मी त्याला सांगू शकत होते.

"वैयक्तिक लिही," मी म्हणाले. त्याने तसंच लिहिलं, थँक्यू मॅम म्हणाला, आणि मी शिक्का मारला.