मारुती आपणहून उठला नव्हता

“तू त्यांच्यातला वाटतच न्हाईस, मास्तर.”

लग्नाच्या पंगतीत पाटील माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले. पंगत हसली. मीही हसलो. भालकी तालुक्यातल्या आमच्या गावात वरच्या आळीच्या पंगतीला बसलेला दलित वस्तीतला मी पहिला. शाळामास्तर होतो म्हणून. त्या एका वाक्यात माझी आई, बाप, सगळी वस्ती पायाखाली घातली होती. मला ते कौतुक वाटलं.

तेवढ्यात माझा चुलतभाऊ मारुती आला. मांडव त्यानंच घातला होता. घाम पुसत तो माझ्या शेजारच्या मोकळ्या पत्रावळीवर बसला.

“सरक की जरा, दादा. मास्तर झालास म्हणून काय दोन जागा लागतेत व्हय?”

कुणी हसलं नाही. कुणी त्याला ऊठही म्हणालं नाही. शिवी नाही. सगळे फक्त माझ्याकडे बघायला लागले. घास माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला. मग पलीकडच्यानं ठेवला. मग त्याच्या पलीकडच्यानं. वाढप्या बादली घेऊन उभाच.

“अप्पा, वाढू का थांबू?” त्यानं पाटलांना विचारलं.

“मास्तरला इचार,” पाटील म्हणाले.

मी मान खाली घातली.

मारुती उठला. मांडवाबाहेर गेला. सगळे पुन्हा जेवायला लागले. मीही. भात गरम होता, एवढं आठवतं. दुसरं काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

मारुती आपणहून उठला, असं गाव सांगतं. निवृत्त झाल्यावरही मी तेच सांगत राहिलो. सगळ्यांनी मिळून केलं की ते कुणाचंच नसतं. आम्हा सगळ्यांना ते सोयीचं होतं.

या उन्हाळ्यात पाटलांचा मुलगा लग्नाचं आवतण घेऊन आला. “काका, तुमी तर आमचेच.”

“मी मारुतीचा भाऊ हाय,” मी म्हणालो. “तुझ्या बापानं माझ्यावर ढकललं आन् मी त्याला उठवलं.”

“जुनं कामून उकरायलाव, काका? सगळ्यांनीच केलं ते.”

“म्हणून तर एकेकाचं नाव घ्यायलोय.”

तो चहा न पिता गेला.

मारुती माझ्याशी बोलत नाही. त्यानं बोलावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. त्या घरच्या पंगतीला मी आता जाणार नाही. कामून म्हणून जो विचारील, त्याला त्या दिवशी बसलेल्या प्रत्येकाचं नाव सांगणार. सुरुवात माझ्यापासून.