नेलपॉलिशची खूण

लिफ्टकाकांचा कुणावरच विश्वास बसायचा नाही, आणि त्यात दोष त्यांचा एकट्याचा होता असंही म्हणवत नाही. ज्याच्याकडे लोक जन्मभर संशयाने बघतात तो माणूस शेवटी स्वतःही तसंच बघायला शिकतो. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. लिफ्ट चालू असली की या माणसाची कुणाला आठवण नाही. बंद पडली की सगळे जिन्यात धापा टाकत त्यांच्याच नावाने बोटं मोडणार. वर मशीनच्या खोलीत घामाघूम होऊन ते एखादा झिजलेला पार्ट बदलायचे, आणि खाली येतात न येतात तोच इमारतीचे सेक्रेटरी चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "अहो, हा गेल्याच वर्षी बदलला होता ना?"

यावर काकांचा एक नियम होता. काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यायचा, ग्रीससकट, फडक्यात गुंडाळून. घ्या, बघा, हवा तर उशाशी घेऊन झोपा. पण या नियमात मेख कुठे आहे तेही त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याच कंपनीत एक बहाद्दर होता. त्याच्या पिशवीत दाराचा एक झिजलेला रोलर कायमचा मुक्कामाला असे. गिऱ्हाईकाला तोच दाखवायचा, जरा चुकचुकायचं आणि परत पिशवीत टाकायचा. काकांनी स्वतः असलं कधी केलं नाही. पण पाहिलं होतं, आणि पाहिलेलं डोक्यातून जात नाही.

अशा माणसाच्या पदरी जुनी गाडी पडावी हा त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोचाच भोग म्हणायचा. तरी आजवर निभावलं होतं. भाजी, दवाखाना, कुणाचं लग्न, एवढंच त्या गाडीचं जग. मग एकुलत्या एक लेकीला घाटापलीकडच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. पाळीच्या वेळा अशा आडनिड्या की बस उपयोगाची नाही. काकांनी जेवता जेवता हात झाडला आणि म्हणाले, "गाडी तुझी. शनिवारी घेऊन जा." लेकीने आनंदाने त्यांच्या गळ्यात हात टाकले, आणि त्याच क्षणी काकांच्या जिवाला घोर लागला. कारण ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून एक बारीक किंचाळी यायची. बाजारात जाताना ती कुणाला बोचली नव्हती. आता तीच किंचाळी ऐकत लेक एकटी घाटाची वळणं उतरणार होती.

गाडी नेहमी मिस्त्रींकडे जायची. उताराच्या तळाशी त्यांचं गॅरेज. माणूस आळशी नव्हे पण संथ. आज म्हणाला की उद्या, उद्या म्हणाला की परवा, आणि गाडी परत आली की सीटवर काळी बोटं ठरलेली. त्यांनी चाकं काढली, आत डोकावले, फुंकर मारली आणि म्हणाले, "धूळ बसली होती, साफ केली. ब्रेकचे पॅड अजून भरपूर उरलेत. चालू द्या."

"आवाज?"

"येईल मधूनमधून. काही झालेलं नाही."

काका घरी आले ते धुमसतच. काही झालेलं नाही म्हणजे काय? एवढ्या जुन्या गाडीत काहीच सापडत नाही याचा अर्थ मिस्त्रींनी नीट पाहिलंच नाही. आता डोळे गेले असतील त्यांचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी गावाबाहेरच्या मोठ्या गॅरेजात नेली. काचेच्या भिंती, गार हवा, मऊ सोफा. काचेपलीकडे निळ्या कपड्यातल्या एका कामगाराने चाकं उतरवली, पाहिली, परत चढवली. मग टेबलामागची मुलगी गोड आवाजात एकेक सांगत गेली. ब्रेकचे पॅड, ब्रेकच्या तबकड्या, क्लच, पुढचे शॉक अॅब्झॉर्बर, इंजिनची आतून धुलाई. ती थांबेचना.

काका म्हणाले, "यातलं गाडी थांबवायला काय लागतं आणि तुमचं दुकान चालवायला काय लागतं, तेवढं वेगळं करून सांगा."

मुलगी हसली. "सर, सगळंच रेकमेंडेड आहे."

"आणि नाही केलं तर?"

"सर, शेवटी सेफ्टीचा प्रश्न आहे."

हे वाक्य काकांचंच होतं. सेक्रेटरी कशालाच बधेनात की काका हेच शेवटचं अस्त्र काढायचे. कधी कधी ते वाक्य निव्वळ दामटून न्यायला असायचं आणि कधी कधी अगदी खरं असायचं. तोंडाकडे बघून त्यातला फरक कळत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? "विचार करून सांगतो," असं पुटपुटून ते बाहेर पडले.

मग सुरू झाली ती नुसती घालमेल. एक म्हणतो काहीच नको, दुसरी म्हणते सगळंच हवं. काही न काढणारा आंधळा आणि सगळं काढणारी लुटारू, मग खरं सांगणार कोण? काका काच खाली करून गल्लीत गाडी फिरवायचे, उगाच ब्रेक दाबायचे, कान देऊन ऐकायचे. बायकोला शेजारी बसवायचे आणि बजावायचे, "तू बोलू नकोस."

"मग मला आणलंत कशाला?"

"तुझा कान तिखट आहे."

"आपल्या लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही," बायको म्हणाली. "केली असतीत तर दोघंही वाचलो असतो."

काकांना हसू आलं नाही. ताटावर बसले तरी घास हातात आणि मन चाकात. लेक कपड्यांच्या घड्या करत गुणगुणत होती, आणि तिचं गुणगुणणं ऐकून त्यांना भीती वाटत होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. भीती वाटली की हा माणूस काहीतरी कसायला किंवा उघडायला घेतो, हा त्यांचा स्वभाव.

आणि त्यांना ती युक्ती सुचली. गाडीला खुणा करायच्या! लेकीच्या टेबलावरची लाल नेलपॉलिशची बाटली उचलायची, पुढच्या दोन्ही चाकांतल्या ब्रेकच्या पॅडांना मागून एकेक ठिपका द्यायचा, आणि मग त्या काचेच्या गॅरेजवाल्यांना सांगायचं, फक्त पॅड बदला आणि जुने माझ्या हातात द्या. ठिपक्याचे पॅड परत आले तर माणसं सरळ. बिनठिपक्याचे आले तर चोर रंगेहाथ पकडला. पॅड खरंच लागत होते का, हा मूळ प्रश्न तोवर बाजूला पडला होता. पण काका इतके खूश झाले की त्यांना ते जाणवलंच नाही.

गुरुवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. काकांनी इमारतीखाली गाडीला जॅक लावला, उजवं चाक काढलं, ठिपके दिले, चाक चढवून घट्ट कसलं. मग डावं. तिथले ठिपके वाळेपर्यंत फुंकर मारत बसले. चाक चढवलं, नट बोटांनी फिरवून बसवले आणि गाडी खाली घेतली. आता पाना लावून कसायचे, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. एका इमारतीत म्हातारी बाई लिफ्टमध्ये अडकली होती, दम्याची होती, आणि पलीकडे कुणीतरी नुसतं ओरडत होतं. काकांनी जॅक आणि पाना डिकीत फेकला आणि स्कूटर काढली.

बाईंना त्यांनी सुखरूप बाहेर काढलं. पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, लिफ्ट सुरू केली, वरच्या मशीनचा प्रत्येक नट पुन्हा तपासला. लिफ्टमध्ये नट कसला की त्यावर पांढरी रेघ ओढायची, म्हणजे सैल झाला तर नजरेला दिसतो, हा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशीही त्यांनी रेघा ओढल्या. घरी आले, हात धुतले, चहा प्यायले. डाव्या चाकाची आठवण त्यांना झाली नाही.

शुक्रवारी सकाळी काका कामावर गेल्यावर लेक गाडी घेऊन उतारावर सराव करायला निघाली. तिचा फोन आला तेव्हा काका मशीनच्या खोलीत होते. "बाबा, मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये या," ती म्हणाली. आवाज विचित्र शांत होता. "चाक निघालं असतं."

काका तिथे कसे पोचले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. लेक बाकावर बसली होती, अंगावर ओरखडाही नव्हता. उतारावर स्टिअरिंग थडथडायला लागलं, खडखड ऐकू आली, तशी तिने गाडी कडेला घेतली आणि मिस्त्रींना हाक मारायला पळाली. नट बोटाने फिरत होते. मिस्त्रींनी ते तिथेच कसून गाडी हळूहळू आत आणली होती, आणि आता चाक उतरवून आत बघत उकिडवे बसले होते.

"त्या काचवाल्यांचं काम आहे हे!" लेक उसळली. "शेवटची चाकं त्यांनीच काढली ना? मी फोटो काढलेत. आत्ता जाते आणि ज्याने हे चाक लावलं त्याला कामावरून काढायला लावते. दुसऱ्या कुणाचा जीव जायला नको."

काकांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींच्या हातात पॅड होता. पाठीवरच्या लाल ठिपक्यावर त्यांनी अंगठ्याचं नख हळूच घासलं, मान वर करून काकांकडे बघितलं, आणि पॅड होता तसा परत बसवला.

म्हणजे काकाही गप्प राहिले असते तर निभावून गेलं असतं. काचवाले तसेही लुटारू, त्यांना बोल लागला तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण तो निळ्या कपड्यातला कामगार त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. लांब पाना घेऊन त्याने प्रत्येक नट आवळला होता आणि फिरून पुन्हा एकदा आवळला होता. काकांनी काचेतून स्वतः पाहिलं होतं. उद्या त्यालाही कुणीतरी चष्मा कपाळावर चढवून विचारणार, आणि त्याचं कुणी ऐकणार नाही.

"त्यांनी नाही," काका म्हणाले. "मी."

"तुम्ही काय?"

"चाकं मी काढली होती. काल. डावं कसायचं राहिलं."

लेक उठून उभी राहिली. "पण काढलीत कशाला?"

"खूण करायला. पॅड खरंच बदलतात की नाही, ते बघायला."

मिस्त्रींनी आता पॅड काढून तिच्यापुढे धरला. तिने आपला रंग ओळखला. काकांना वाटलं, आता ही हसेल, निदान चिडेल तरी. ती नुसती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. काका बोलत सुटले. दम्याची बाई, फोन, पिशवीतला रोलर, सगळं एकात एक मिसळलं. त्यांनाही कळत होतं की यातल्या कशानेही काही भरून निघत नाही.

"बाबा," ती मध्येच म्हणाली, "तुम्ही गाडी बघताय म्हणून मी निर्धास्त होते."

ती मिस्त्रींकडे वळली. "मिस्त्रीकाका, उद्या घाट उतरायचाय. काय करायलाच हवं?"

"ब्रेकचं तेल बदलतो, जुनं झालंय. ते मी मागेच सांगायला हवं होतं, राहिलं. चारही चाकांचे नट आणि बोल्ट एकदा बघतो," मिस्त्री म्हणाले. "बाकी सगळं थांबेल, पोरी. किंचाळीने कुणी मरत नाही."

"नक्की?" हा शब्द काकांच्या ओठावर आला होता. लेकीने त्यांच्याकडे न बघताच हात आडवा केला, आणि मग तोच हात त्यांच्यापुढे पसरला.

"दुसरी किल्ली द्या."

काकांनी खिशातून जुडगा काढला. मशीनच्या खोल्यांच्या किल्ल्यांमधून गाडीची किल्ली सुटायला वेळ लागला. लेकीने ती घेतली आणि आपल्या किल्लीसोबत मिस्त्रींच्या काळ्या तळहातावर ठेवली. "उद्या मी येईपर्यंत गाडी इथेच राहू दे. कुणी मागितली तरी द्यायची नाही."

"नाही देत," मिस्त्री म्हणाले.

"चला बाबा. स्कूटर मी चालवते."

काका मागे बसले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण मानही वळवली नाही.