आईचं वजन आणि स्कूटरचा शॉकअप

आमच्या घरात एक अख्खं वर्ष असं गेलं की दर रविवारी सकाळी आई शेअर रिक्षात बसून भाजीला जायची आणि बाबा त्याच रिक्षाच्या मागून स्कूटर चालवत जायचे. दोघांना जायचं एकाच बाजारात, निघायचं एकाच वेळी. पण आई स्कूटरवर बसत नव्हती आणि बाबा रिक्षात बसत नव्हते. सिल्व्हर पार्कच्या कोपऱ्यावर रिक्षात तीन माणसं भरेपर्यंत बाबा एक पाय जमिनीवर टेकवून, स्कूटर चालू ठेवून थांबायचे. रिक्षा सुटली की हेही सुटायचे. एका रिक्षावाल्याला हा माणूस कुणाच्या तरी पाळतीवर आहे असं वाटलं. त्याने आईला विचारलं, "मॅडम, वो पीछे स्कूटरवाला आपको जानता है क्या?"

"हां, थोडा थोडा," आई म्हणाली.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला या वरातीची भयंकर लाज वाटायची. मैत्रिणी विचारायच्या, तुझ्या आईबाबांचं भांडण झालंय का? भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण दोन दिवसांत मिटतं. इथे दोघं घरात नेहमीसारखं बोलत होते, चहा घेत होते, टीव्हीवर बातम्या बघत होते, फक्त स्कूटरचा विषय निघाला की गप्प व्हायचे.

ती स्कूटर माझ्याहून मोठी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षात बाबांनी ती घेतली, आणि मुंबईतली खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा टेम्पोतून सामान आलं पण स्कूटर बाबा स्वतः चालवत घेऊन आले. मागे आई, आईच्या मांडीवर देव्हारा. इतक्या वर्षांत आई तिच्यावर एका बाजूला पाय सोडून बसली, डावा हात मागच्या स्टेपनीवर आणि उजवा बाबांच्या खांद्यावर. मग एकदा, एका बारशाहून परतताना, स्कूटर खड्ड्यात गेली. मागचा भाग खण्‌कन खाली आपटला, वर उडाला, चाक सरकलं आणि आई रस्त्यावर पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. प्लास्टर निघालं त्या दिवशी आई म्हणाली, "आता या स्कूटरवर मी बसणार नाही." दूध नासलंय, असं सांगावं त्या आवाजात. त्यामुळेच ते खरं वाटलं.

सगळ्यांना वाटायचं, आई खड्ड्याला घाबरली. मला माहीत होतं, तसं नव्हतं.

पडण्याच्या आधी कितीतरी महिने आईच्या साडीच्या काठावर तेलाचे ठिपके यायचे. रविवारी बाहेर जाऊन आलं की एखाद-दुसरा. ते काढायचं काम माझ्याकडे होतं. डागावर टाल्कम पावडर टाकायची, रात्रभर ठेवायची, सकाळी साबणाची वडी घासायची. आई बाबांना म्हणायची, "अहो, मागून कुठून तरी तेल गळतंय." बाबा वाकून बघायचे आणि सांगायचे, "काही नाही गं, रस्त्यावरचं उडालं असेल. इथे रस्त्यांवर काय कमी तेल आहे?" तीनदा सांगून झालं, चारदा झालं. मग तिने सांगणं सोडलं, आणि पुढे पडली. ती रागावली होती ती आपलं बोलणं ऐकलं नाही म्हणून. हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि बाबांनी विचारलंही नाही. बाबांना माफी मागायची म्हणजे दात काढून घेण्यासारखं वाटायचं.

त्याऐवजी त्यांनी शॉकअप दुरुस्त करायचं मनावर घेतलं.

मागच्या चाकापाशी तो असतो. एक नळी, नळीत तेल, नळीभोवती जाड स्प्रिंग. धक्का स्प्रिंग खाते, आणि खाल्ल्यावर ती उड्या मारत बसू नये म्हणून नळीतलं तेल तिला आवरतं. तेल गेलं की नुसती स्प्रिंग उरते. आमच्या स्कूटरचं मॉडेल केव्हाच बंद झालं होतं आणि वर्षभर शोधूनही नवा शॉकअप कुठे मिळेना. मीरा रोडच्या गॅरेजवाल्यांनी बाबांना स्कूटर विकायचे सल्ले दिले. शेवटी एकाने सांगितलं, घोडबंदर रोडला चेणे गावात एक म्हातारे आहेत, ते जुना शॉकअप उघडून पुन्हा भरून देतात.

बाबा निघाले. मीही मागे बसून गेले, कारण आईने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. म्हणजे, जा, बघून ये.

रस्त्याच्या कडेला आंब्याखाली पत्र्याची शेड होती. ट्रकच्या स्प्रिंगांच्या पट्ट्यांचा ढीग, आणि त्यापलीकडे त्यांचं घर. म्हाताऱ्यांची पूर्वी भातशेती होती. तरुणपणी त्यांनी भाताच्या गोण्या इतक्या उचलल्या होत्या की कुठल्याही वस्तूचं वजन ते नुसतं बघून सांगायचे. हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं, पहिल्या पाच मिनिटांत.

दोन लोखंडी पट्ट्या आणि एक लांब बोल्ट असा घरी बनवलेला दाब होता. त्यात त्यांनी शॉकअप धरला, बोल्ट पिळत पिळत स्प्रिंग दाबली आणि सोडवून बाजूला ठेवली. मग नळीचं झाकण उघडून स्टीलच्या वाटीत उपडी केली. पाच-सहा थेंब काळं तेल पडलं, बस. आतून त्यांनी रबराची एक कडी काढली, अंगठीएवढी. ती तेल आत अडवून धरणारं सील. एका बाजूला चिरलेली होती.

"ह्यो बगा," ते बाबांना म्हणाले. "ह्यो काय आज न्हाय गेला. लय दिस गलतंय. तुमाला डाग न्हाय दिसलं?"

मी बाबांकडे बघायचं टाळलं. त्यांनी ते सील हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

म्हाताऱ्यांनी नळीत वर-खाली सरकणारा दांडा बारीक पॉलिश पेपरने घासला, बोट फिरवून बघितला, पुन्हा घासला. नवं सील तेलात बुडवून बसवलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून माप केलं होतं, त्याने तेल भरलं, आणि दांडा अगदी सावकाश खाली-वर करत राहिले. आत हवा राहिली तर सगळी मेहनत फुकट, म्हणाले. घाई कसली ती नव्हती. मला ते बघायला फार आवडलं.

स्प्रिंग परत चढवायच्या आधी त्यांनी विचारलं, "मागं कोन बसतंय?"

"मिसेस," बाबा म्हणाले.

"वजन?"

स्प्रिंगखाली किती लोखंडी चकत्या घालायच्या ते वजनावर ठरतं, त्याशिवाय आपण शॉकअप बंद करत नाही, असं त्यांनी समजावलं. बाबांनी क्षणाचाही विचार केला नाही. "पंचावन्न किलो."

मी बाबांकडे बघतच राहिले. माझी आई पंचावन्न किलो? प्लास्टर निघालं त्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर मी स्वतः आकडा वाचला होता. पण तोंड उघडलं नाही. परक्या माणसासमोर आईचं वजन काढायचं माझ्या जिवावर आलं. म्हाताऱ्यांनी दोन चकत्या घातल्या आणि शॉकअप बंद केला.

घरी आल्यावर बाबांनी जाहीर केलं की स्कूटर नव्यासारखी झाली आहे. आई म्हणाली, छान. आणि भाजी चिरत राहिली. दुसऱ्या दिवशी बाबांनी वाण्याकडून पन्नास किलो गव्हाचं पोतं आणलं, ते मागच्या सीटवर दोरीने बांधलं आणि सोसायटीला तीन चकरा मारल्या. आई बाल्कनीत उभी होती.

"बघ," बाबा खालून ओरडले, "जरासुद्धा आपटत नाही!"

"गव्हाची हाडं मोडत नाहीत," आई वरून म्हणाली. शेजारची गुजराती काकी हसली. बाबा पोतं उतरवून स्वतःच खांद्यावर वर घेऊन आले.

त्या आठवड्यात धुण्याचे कपडे काढताना मला बाबांच्या खिशात ते चिरलेलं सील सापडलं. मी ते त्यांच्या दाढीच्या सामानाजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते धुतलेल्या शर्टाच्या खिशात होतं. तिसऱ्या दिवशीही. रोज बाबा ते ऑफिसला नेत होते आणि परत आणत होते. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं, आणि ते म्हणत का नाहीत म्हणून राग येत होता. सगळं मिळून एक वाक्य तर होतं.

गुरुवारी संध्याकाळी आई आपण होऊन खाली आली. का आली, मला आजही माहीत नाही. कदाचित गव्हाच्या पोत्याने काम केलं असेल. ती सीटवर बसली, पदर खोचला, आणि म्हणाली, "गेटपर्यंतच." बाबांनी इतक्या हळू स्कूटर चालवली की वॉचमन चालत पुढे गेला असता. गेटपाशी स्पीडब्रेकर होता. पुढचं चाक गेलं, मागचं चढलं, उतरलं, आणि खण्‌कन तोच आवाज. आई तिथेच उतरली, चालत वर आली. तिचा डावा हात उजव्या हाताने घट्ट धरलेला होता.

बाबा भडकले. त्या माणसाने फसवलं म्हणाले, येत्या रविवारी जाऊन जाब विचारतो म्हणाले. मला तेव्हा खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एकीकडे बाबा तोंडघशी पडतील आणि दुसरीकडे आई वजनावरून दुखावेल, अशी दुहेरी भीती होती. भित्री होते मी.

रविवारी आई म्हणाली, "मीही येते चेण्याला." आई आणि मी रिक्षात, बाबा मागून स्कूटरवर. काशीमिऱ्यापासून पुढे ट्रकच्या धुळीत बाबा दिसेनासे व्हायचे आणि आई मागे वळून बघायची. मी बघते आहे हे लक्षात आलं की पुढे बघायची.

शेडमध्ये बाबांनी तक्रार मांडली. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतली. मग त्यांनी आईकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डब्यातून आणखी दोन चकत्या काढल्या.

"मामा, हे आधी का नाही केलंत?" बाबांनी विचारलं.

"तुमीच पंचावन बोलला," ते म्हणाले. "मी म्हनलं, घरच्या मानसाला ठावं आसंल."

आई बाबांकडे वळली. "पंचावन्न? अहो, कुठून आणलंत पंचावन्न?"

"स्कूटर घेतली तेव्हा तूच सांगितलं होतंस," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "नंतर तू कधी काही सांगितलं नाहीस."

मला हसू फुटणार होतं, पण आई हसत नव्हती.

"बाकीचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेल गळतंय म्हणून सांगितलं होतं. ते कुठे ऐकलंत?"

बाहेर एक ट्रक गेला. बाबांनी खिशात हात घातला आणि ते सील काढून आईपुढे धरलं. आईला ते काय आहे ते कळेना. त्यांनी बोटाने चीर दाखवली.

"यातून गळत होतं," बाबा म्हणाले. "कित्येक महिने. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. मी वाकून बघायचो, पण नीट बघत नव्हतो. चूक मी केली आणि हात तुझा मोडला."

आईने सील हातात घेतलं. डाव्या हातात. बराच वेळ ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. मग तिने ते पर्समध्ये टाकलं, नाक पुसलं आणि म्हाताऱ्यांना म्हणाली, "बहात्तर. बहात्तर किलोचं करा."

"तेवडंच धरलंय, ताई," ते म्हणाले.

परत येताना मी रिक्षात एकटी होते. पुढे स्कूटर चालली होती. आईचा डावा हात मांडीवर होता, स्टेपनी तिने धरलीच नाही. उजवा बाबांच्या खांद्यावर होता. मी मागून जात होते, आणि मला पहिल्यांदाच त्या वरातीची लाज वाटली नाही. घराखाली स्कूटर थांबली तेव्हा आई उतरली, वाकली, साडीचा काठ हातात घेऊन पुढून मागून नीट तपासला. बाबा स्कूटर बंद न करता तसेच बसून राहिले. आईने मान डोलावली. मग त्यांनी किल्ली फिरवली.

पुढे ती स्कूटर आणखी चार वर्षं चालली. दरवेळी आई उतरायची, काठ तपासायची, बाबा थांबायचे, आई मान डोलवायची. शेवटी भंगारवाल्याने ती नेली आणि मी नोकरीला लागल्यावर जुनी गाडी घेतली. पहिल्या दिवशी दोघांना फिरवून आणलं. सोसायटीत गाडी उभी केली, आई मागच्या दारातून उतरली आणि सवयीने वाकून साडीचा काठ बघू लागली. मी म्हटलं, "आई, ही गाडी आहे गं. चल वर."

"थांब," बाबा म्हणाले. "तिचं बघून होऊ दे."