चपला राखणारी

लेकाने अंदमानला न्यायला घराजवळच्या कॅम्प दोनच्या बाजारातून पोहायचे तीन चष्मे आणले. नव्या रबराच्या वासाने मी थेट वीस वर्षांपूर्वीच्या अंदमानच्या वाळूवर जाऊन पोचले. तेव्हा हे म्हणाले होते, "तू सामानापाशी बस, साडीत कुठे पाण्यात उतरतेस?" पोहता न येणारे हे आणि दोन्ही मुलं जाकिटं घालून मासे बघायला गेली. लहानपणी बदलापूरला उल्हास नदी पोहून पार करणारी मी त्यांच्या चपला राखत उन्हात बसले. वर, किती काळजी करतात माझी, असंही वाटलं. त्या वाटण्याचाच आज जास्त संताप येतो.

"चौथा चष्मा कुठाय?" मी विचारलं.

"आई, तू सामानापाशी असशील ना?"

मी त्याच्या बाबांसाठी आणलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. "या वेळी चपला बाबा राखतील."