नावेच्या बॅटऱ्यांचे वैद्य

गोपाळकृष्णराव मुजुमदारांच्या सगळ्या पँटींना मांडीवर बारीक बारीक भोकं आहेत. ती ॲसिडची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी नोकरीभर बॅटऱ्यांची खोली सांभाळली. रिटायर झाल्यावर फ्रीगंजच्या घरात बसवेना, म्हणून ते राम घाटावर जायला लागले. तिथे काही नाववाल्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या मोटरी बसवल्या आहेत, आणि कुणाची ना कुणाची बॅटरी चार्ज धरेनाशी झालेली असतेच. गोपाळकृष्णराव पायरीवर पंचा पसरतात आणि दवाखाना सुरू होतो.

दवाखानाच म्हणायचा. डॉक्टर बाळाच्या आईला विचारतो तसं ते विचारतात, "चार्जिंगला लावली की अंग गरम होतं का? पाणी किती पिते? रात्रभर नुसती ठेवली तर सकाळी कशी असते?" मग रबरी फुगा दाबून काचेच्या नळीत थोडं ॲसिड ओढतात आणि आतली कांडी कुठवर तरंगते ते एक डोळा मिटून बघतात. बॅटरीच्या पोटातल्या सहा घरांपैकी, म्हणजे सेलांपैकी, एकच मंद असेल तर ते गेलं. सहाही मंद असतील तर बॅटरी उपाशी आहे. शेवटी मोटारीचा हेडलाइट जोडून तिचा दम बघायचा. मी त्यांचा शेजारी, म्हणून हेडलाइट धरायचं काम माझं. एकदा तो तापला म्हणून मी नदीत टाकला, तरी त्यांनी माणूस बदलला नाही.

वैशाख लागला आणि अनिल नाववाल्याची नाव आजारी पडली. संध्याकाळी पोटभर चार्ज केलेली बॅटरी बसवायची, तर सकाळी मोटर नुसती गुरगुरायची.

"मोटर सोडून बॅटरीवर और काय चालतं?" गोपाळकृष्णरावांनी विचारलं.

"कुछ नहीं, काकासाब."

बॅटरी घरी नेली. चार्ज करून गॅलरीत ठेवली, तर दोन दिवसांनीही ठणठणीत. नावेत ठेवली की पुन्हा मरगळ. अनिलने दुसरी आणली, मग तिसरी. सगळ्यांची तीच तऱ्हा. गोपाळकृष्णरावांच्या बायकोला, मीरावहिनींना, गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

"अहो, या माहेरपणाला आल्या आहेत का?" वहिनी म्हणाल्या. "इथे टवटवीत आणि सासरी गेल्या की मान टाकतात! शनिवारी इंदूरहून प्रतिभा येते आहे. तिला मी अनिलच्या नावेतून पुलापर्यंत नेऊन आणणार. नाव मध्ये थांबली, तर तुमची नळी, फुगा, हेडलाइट, पिशवीसकट सगळं भंगारवाल्याला."

"पँटी तेवढ्या राहू दे."

"पँटी पण!"

प्रतिभाताई म्हणजे वहिनींची धाकटी बहीण. तिच्यासमोर वहिनी बोललेलं मागे घेत नाहीत. गोपाळकृष्णरावांचा चेहरा उतरला. पिशवी गेली तर घाटावर कोणत्या तोंडाने जायचं? नुसतं फिरायला जाणारी माणसं त्यांना आळशी वाटतात.

शनिवारी सकाळी त्यांनी माहेरची एक बॅटरी अनिलच्या नावेत बसवली आणि म्हणाले, "आज मी पेशंटच्या उशाशीच बसतो." मोटरीची वायर काढून ठेवली. अनिलने नेहमीसारखा बॅटरीच्या टोकांना पूजेचा लाल दोरा गुंडाळला. त्याला ते हात लावत नसत, अनिलच तो सोडी आणि बांधी. नावेच्या टोकाला अनिलच्या माईने बसवलेली महादेवाची पिंड आहे, झेंडूच्या माळांत बुडालेली. तिला नमस्कार केला, तळहातावर तीर्थ घेतलं आणि बसले.

दुपारपर्यंत नळीतली कांडी खाली गेली. मोटर बंद, वायर सुटलेली, तरी बॅटरी उतरतेच आहे!

"कोण खाऊन राहिलंय हिला?" ते कळवळून म्हणाले. उन्हाने घसा कोरडा पडला होता, म्हणून पुन्हा तीर्थ घेतलं. मग पुन्हा. मग मीही घेतलं, आणि घाबरत विचारलं, "हे तीर्थ संपत कसं नाही?"

"वो तो माई की गलंतिका है," अनिल म्हणाला. वैशाखात महादेवाला ऊन लागू नये म्हणून पिंडीवर मडक्यातून अखंड पाणी ठिबकत ठेवतात, ती गलंतिका. पण इथे मडकं नव्हतं. गोपाळकृष्णरावांनी माळा बाजूला केल्या, तर आत कूलरचा छोटा पंप! नळी नदीत, आणि वायर लाल दोऱ्यात गुंडाळून फळीखालून थेट बॅटरीला. रात्रंदिवस चालू. नावेत पाण्याच्या आवाजाकडे कोण लक्ष देणार?

"अरे, तू म्हणालास कुछ नहीं!"

"मैंने सोचा, भोलेबाबा क्या बॅटरी खाएँगे?"

"बटन कुठे आहे?"

"भोलेबाबा का क्या बटन, काकासाब!"

आता वायर काढायची कुणी? अनिल मागे सरकला. गोपाळकृष्णरावांनी हात पुढे केला, पिंडीकडे पाहिलं आणि त्याच हाताने डोकं खाजवलं. मग ते माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी पूल बघत होतो. तेवढ्यात माई आली.

"वैशाख में बाबा का पानी बंद करोगे? खुद तो दिन भर लोटे पे लोटा पीते हो!"

"माई, पहले जैसी मटकी लटका दें?"

"मटकी ये अनिल भरता नहीं, इसीलिए तो पंप लगाया. आप भरोगे?"

"भरेंगे," गोपाळकृष्णराव म्हणाले. पिशवीसाठी ते नदीसुद्धा भरायला तयार होते.

मटकी आणली. तिला भोक पाडायला त्यांनी पेचकस लावला आणि जरा जास्तच जोर दिला. ठिबक नाही, चांगली करंगळीएवढी धार पडायला लागली. दुसरी मटकी आणायला वेळ नव्हता. मटकीची धार सुरू झाल्यावर माईने स्वतः पंपाची वायर काढली आणि बजावलं, "धार टूटनी नहीं चाहिए." मी रिक्षाने घरची दुसरी बॅटरी आणली.

संध्याकाळी दोघी बहिणी गादीवर ऐसपैस बसल्या. माई धारेच्या राखणीला बसली. मोटर न गुरगुरता सुरू झाली. गोपाळकृष्णराव टोकाला वाकून नदीतून लोटा भरत होते आणि मटकीत ओतत होते. नावेच्या प्रत्येक हिसक्याला त्यातला अर्धा त्यांच्याच अंगावर. पूल आला, नाव वळली.

"ताई, भावजी केवढे भाविक आहेत गं!" प्रतिभाताई म्हणाल्या.

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "घरी देवापुढे पाण्याचा पेला ठेवायचा तर यांची पाठ दुखते."

नाव कुठेही न अडकता घाटाला लागली. उतरताना वहिनींनी ओल्याचिंब नवऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. "राहू दे पिशवी," त्या म्हणाल्या. "पँटी पण."

गोपाळकृष्णरावांनी आनंदाने दोन्ही हात वर केले. एका हातात लोटा होता, तो माझ्या डोक्यावर रिकामा झाला.

"धार टूटी!" माई ओरडली, आणि ते पुन्हा नदीवर वाकले.