भाकरीचा व्यास

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका मापाला पक्का माणूस पुनावळ्यापासून चाकणपर्यंत सापडणार नाही, आणि जेवायला बसल्यावर त्यांच्याइतका बनेलही कुणी नाही. सव्वीस वर्षं ते कंपनीत इन्स्पेक्शनला होते. केसाएवढा फरक दिसला की अख्खा माल परत. रिटायर झाल्यावर त्यांनी आपली बारीक रेघांची व्हर्नियर मोजपट्टी आणि टेप घेऊन सोसायटी मोजायला काढली. जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा नऊ एमएम उंच आहे, हे बिल्डरला तोंडावर सांगणारे तेच. (खरंच आहे. सगळे तिथंच अडखळतात.) पण शुगर वाढली आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'दोनच भाकरी' लिहिलं, तेव्हा हा माणूस मला म्हणतो, "ड्रॉइंगवर व्यास कुठाय?" त्या दिवसापासून काका दोनच भाकरी खाऊ लागले. फक्त त्या वाढल्या की खाली ताट आहे हे कळेनासं झालं.

मी दवाखान्यातर्फे मधुमेहावरची पत्रकं वाटतो. वाटून वाटून कंटाळलोय. लोक त्याच कागदावर वडापाव ठेवून खातात, हे रोज बघतो. त्यामुळे मी गोड बोलायचं सोडलंय. "काका, डोळ्याच्या पडद्यावर रक्त येतंय. असंच खाल्लंत तर नजर जाईल. फसवताय कुणाला?" यावर शांतपणे प्रश्न : "तुझ्या पत्रकात भाताचं काय दिलंय?"

"एक मूठ."

"कुणाची?"

काकांनी खालून वॉचमनला बोलावलं. तो जुना पैलवान, पंजा म्हणजे फावडं. "पत्रकाप्रमाणं चाललंय, लेकरा," म्हणत त्यांनी त्याच्या एका मुठीचा भात वाढून घेतला आणि पातेलं रिकामं झालं. असल्या माणसापुढं पत्रक काय करणार?

शेवटी काकूंनी मला जिन्यात गाठलं. "रोज चिमूटभर पीठ कमी घेतीय. त्यांना बोलू नको बाबा, चिडतेत." मग ताटाची कड दिसायला लागली. पुढं ताटात वरणाला जागा झाली. काका "दोनच हं!" म्हणत जेवत राहिले. जन्मभर दुसऱ्यांची मापं काढणारा माणूस चिमटीनं फसला, याचा मला फार आनंद झाला. एवढ्या दिवसांत तेवढाच.

गेल्या आठवड्यात काकू देवळात गेल्या होत्या. काकांनी मला वर बोलावलं. पुढं ताट, ताटात भाकरी, हातात व्हर्नियर. "वाच रे. मला त्या रेघा दिसंनात."

मी वाचलं. "एकशे बेचाळीस एमएम."

"दसऱ्याला अडीचशे होती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाताला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी भाकरीच्या कडेवरून बोट फिरवलं. "कंपनीत पोरं माझ्या भीतीनं माप सांभाळायची. ही माझ्यासाठी सांभाळतीय. हिचा माल रिजेक्ट करू व्हय?"

जिन्यात चपला वाजल्या. तिसऱ्या पायरीवर जरा थांबल्या, पुन्हा वर येऊ लागल्या. "आली. तिला काही सांगू नको," असं म्हणून काका व्हर्नियर लपवायला शेजारची उशी चाचपू लागले. दोनदा हात रिकामाच फिरला. तिसऱ्यांदा मी उशी पुढं सरकवली.